समोर दार नसलेल्या घराबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
तुंगा यंत्र कारखाना कर्मचारी वसाहत,
बंगळूर.

विषय : इमारत 'क'मधील कुटुंबासाठीचे घर काढून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ४ नोव्हेंबर १९९६.

महोदय,

अर्जदार पद्मनाभ बसवंत सदलगे, भांडार विभाग. यापूर्वीच्या इंग्रजी अर्जांवर 'नोंद घेतली' एवढाच शेरा आला. आपण मूळचे खानापूरचे, घरी मराठी बोलता, असे कळल्याने हा अर्ज मराठीत सादर केला आहे.

१. अर्जदाराची पत्नी सौ. मथुरा लग्नानंतर कागलहून इथे आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. त्या वेळच्या बैठ्या घरांच्या दोन ओळी समोरासमोर होत्या आणि प्रत्येक दारापुढे दगडी कट्टा होता. समोरच्या कट्ट्यावर अनुसूयाक्का शेंगा सोलत बसायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी "ऊटा आयता?" असे विचारले. मथुरेला वाटले, उठायला सांगताहेत. ती लगबगीने उठून उभी राहिली. जेवण झाले का, एवढेच त्या विचारत होत्या. दोघी खूप हसल्या. पुढे मथुरा कन्नड शिकली ती त्याच कट्ट्यावर, आणि मूल होत नसल्याचे दुःख तिने बोलून दाखवले तेही तिथेच.

२. गेल्या वर्षी ती घरे पाडून इमारती बांधल्या. फरशी गुळगुळीत आहे, नळाला पाणी असते. त्याबद्दल तक्रार नाही. उद्घाटनाच्या वेळी वास्तुरचनाकार साहेब म्हणाले की घराची मांडणी माणसाला सुखी करते. अर्जदारास हे पूर्ण मान्य आहे. परंतु आमच्या सुखाची मांडणी करताना आम्हाला कोणी विचारले नाही. दार उघडले की समोर कोरी भिंत, खिडकी उघडली की पाण्याची टाकी. अनुसूयाक्कांना इमारत 'अ' मिळाली. "घंटा वाजवून का कुणी गप्पा मारायला जातं?" असे मथुरा म्हणे. हळूहळू तिचे जाणे कमी झाले.

३. जूनमध्ये अनुसूयाक्का स्वयंपाकघरात पडल्या. मुलगा हुबळीला, दार आतून बंद. बाहेर दुधाच्या पिशव्या साचलेल्या पाहून दूधवाल्याने आरडाओरडा केला, तेव्हा दार फोडले. वेळेवर कळते तर वाचल्या असत्या, असे डॉक्टर म्हणाले. मथुरा रडली नाही. "जुन्या घरी असतो आणि संध्याकाळी त्या कट्ट्यावर दिसल्या नसत्या, तर मी हाका मारून गल्ली डोक्यावर घेतली असती," एवढेच म्हणाली.

४. त्यानंतर ती दार उघडे टाकून जिन्याच्या वळणावर खुर्ची घेऊन बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करी. वरच्या मजल्यावरची पवित्रा आपली तान्ही मुलगी तिच्या मांडीवर देऊन भाजी आणायला जाऊ लागली. मथुरेच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. तेवढ्यात 'रहदारीस अडथळा' म्हणून आपल्या कार्यालयाने खुर्ची उचलून नेली. तिने पोते अंथरले; तेही नेले. मग दार उघडे ठेवल्याबद्दल ताकीद आली, कारण उत्तम इमारतीचे बक्षीस देणारी समिती पाहणीस यायची होती. समिती आली, बंद दारे पाहून तिने वसाहतीच्या शांततेची वाखाणणी केली आणि बक्षीस दिले. त्याबद्दल कार्यालयाचे अभिनंदन.

५. दसऱ्याच्या आधी मथुरेने ट्रंक भरली. "तुमच्यावर राग नाही. पण या घरात मी मेले, तर तुम्ही कामावरून येईपर्यंत कुणाला कळायचंसुद्धा नाही," असे सांगून ती भावाकडे कागलला गेली. अर्जदाराने तिला अडवले नाही, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. आता आपली नोटीस म्हणते की कुटुंब सोबत राहत नसल्याने अर्जदार कुटुंबाच्या घरास अपात्र आहे.

अर्जदारास नोटीस मान्य आहे. इमारत 'ड'चा पाया खणला जात आहे. तिथे तरी दारासमोर दार ठेवावे, ही विनंती. अर्जदारास एकट्या कामगारांच्या बराकीत जागा द्यावी. तिथे खाटेला खाट लागून आहे. कोणी कण्हले तर शेजारच्याला जाग येते.

आपल्या वसाहतीतला, तूर्त एकटा,
पद्मनाभ ब. सदलगे
बंगळूर, दि. १८ नोव्हेंबर १९९६

सोबत : घराची एक किल्ली. दुसरी सौ. मथुरा हिच्याकडे आहे. ती परत मागवणे अर्जदारास जमलेले नाही.