सरांच्या ट्रॅक्टरचं चेंबर

सर, तुमचा ट्रॅक्टर सध्या माझ्या गॅरेजात आहे. मलकापूरला हायवेच्या कडेला मी गॅरेज टाकलं हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तुमचं येणं काही झालं नाही. गेल्या आठवड्यात तुमचा मुलगा तो दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीनं बांधून ओढत घेऊन आला. तुम्ही गेल्यापासून तो गोठ्यात ताडपत्रीखाली उभाच होता म्हणे. मुलगा पुण्याची नोकरी सोडून आता गावी परत आलाय. हरभरा पेरायचा म्हणून त्यानं ताडपत्री काढली, नवी बॅटरी बसवली, कमी दिसलं म्हणून वरून ऑइल ओतलं. इंजिन सुरू झालं, पण ऑइलच्या दाबाचा काटा जागचा हलेना. त्यानं लगेच बंद केलं, तेवढं बरं केलं. मला म्हणाला, "ताई, बाबाचं इंजिन हाये, आतून तं साफच असन. पंप गेला असन, तेवढा पाहून घ्या." मलाही पंपच वाटला. तुमच्या इंजिनबद्दल दुसरं काही मनात येणं शक्यच नव्हतं.

ऑइल सोडायचा खालचा नट काढला तर काहीच पडलं नाही. वाट पाहिली, काडी घालून पाहिली, तेव्हा डांबरासारखी एक जाड धार सुटली आणि पुन्हा थांबली. मग बोल्ट सोडवून इंजिनच्या तळाचं ऑइलचं अख्खं चेंबर खाली घेतलं. तळाशी काळा गाळ थिजून बसला होता, बोट बुडालं तर पहिलं पेर दिसेना. ऑइल वर ओढणारी जाळी त्यात पार गाडली गेली होती. वरचं झाकण उघडलं तर तिथेही तेच, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत काळं लोणी भरल्यासारखं. असं एका हंगामात होत नाही, सर. वर्षानुवर्षं जुनं ऑइल काढलंच नाही, नुसतं वरून टाकत गेलं, तर होतं. हे मला तुम्हीच शिकवलंत.

आयटीआयमधला तो दिवस मला लख्ख दिसतो. आमच्या तुकडीत मी एकटी मुलगी. मी एक इंजिन धुऊन, पुसून, चकचकीत करून तुमच्यापुढे उभी आहे, आणि तुम्ही आत बोट घालून ते माझ्यासमोर धरता. बोट काळं. सगळी पोरं बघताहेत. तुम्ही आवाज चढवत नाही, तोच तर त्रास असतो. "वरून पुसलेलं इंजिन फोटोले चालते, पोरी. शेतात नाही चालत. खोल पुन्हा." मी पुन्हा खोललं. शेवटची बस गेली, तुम्ही मला स्कूटरवर घरी सोडलंत. त्या वर्षी तुम्ही मला असं किती वेळा पुन्हा खोलायला लावलंत! पोरांना एकदा सांगून सोडायचात, मला नाही. मी घरी येऊन रडायचे आणि आईला सांगायचे की सर माझ्यावर खार खातात.

पण आमच्या विहाराशेजारच्या घरी येऊन जेवलेले माझे पहिले मास्तरही तुम्हीच. बाबा मला आयटीआयमधून काढून शिवणाच्या वर्गात घालायला निघाले होते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस, त्यांना वाटायचं, पोरीनं तरी सावलीत बसून काम करावं. तुम्ही मोठ्या शेतकरी घरचे, तुम्ही आमच्या ओसरीवर मांडी घालून बसलात, भाकरी आणि ठेचा खाल्लात, आणखी अर्धी मागून घेतलीत. बाबांना म्हणालात, तिचा हात चांगला आहे, वाया घालवू नका. एवढंच. पुढे वर्कशॉपची डांगरी मला पायात घोळायची, बाह्या हातावरून उतरायच्या, तर तुम्ही घरी काकूंकडून माझ्या मापाची एक शिवून आणलीत आणि बाकावर ठेवून निघून गेलात. कापड निळं, खिसे दुहेरी शिलाईचे.

म्हणून तो गाळ खरवडताना माझं डोकं चालेना. मी लाकडाची चपटी पट्टी घेतली, लोखंडानं चरे पडतात. थर काढला, डिझेलमध्ये ब्रश बुडवून कोपरे घासले, ऑइलच्या बारीक वाटा तारेनं मोकळ्या केल्या आणि हवा मारली. नुसतं पातळ ऑइल फिरवून धुऊन काढता आलं असतं का, असं तुमच्या मुलानं विचारलं होतं. मी म्हटलं, तसं केलं तर सुटलेला गाळ पुढे जाऊन वाटा बुजवील, खोलल्याशिवाय इलाज नाही. बेअरिंगना ओरखडे होते, ती बदलावी लागली. आत फिरणारी क्रँक मात्र वाचली.

दुसऱ्या दिवशी मुलासोबत काकूही आल्या. डबा घेऊन आल्या होत्या. तो गाळ मी पत्र्याच्या ट्रेमध्ये काढून ठेवला होता. लपवायला हवा होता, पण सुचलं नाही. मुलगा हॉटेलातून चहा आणायला गेला तेव्हा काकू ट्रेपाशी उभ्या राहिल्या. वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात थरथरत होते त्यायचे. पाना धरवत नव्हता."

मी ब्रश खाली ठेवला. काकू सांगत राहिल्या. रिटायर झाल्यावर कंप सुरू झाला, आधी उजव्या हाताला, मग दोन्ही. तुम्ही कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. ऑइल बदलायची वेळ आली की सकाळी गोठ्यात जायचात, ट्रॅक्टरजवळ पाना घेऊन बसायचात, आणि परत येऊन सांगायचात, झालं काम. आधी तुम्ही जळकं ऑइल डब्यात आणायचात, काकू ते गोठ्याच्या खांबांना लावायच्या, वाळवी लागू नये म्हणून. तो डबा यायचा बंद झाला. त्यावरूनच काकूंना कळलं.

मी म्हटलं, "काकू, मग मले काऊन नाही बोलावलं? मी आली असती."

"तुले तं बिलकुल नाही," काकू म्हणाल्या. "तुह्यासमोर तं त्यायले मरण आलं असतं. म्याही इचारलं नाही कधी. इचारलं असतं तं त्यायले खोटं बोला लागलं असतं."

मग मी तुमच्याकडे शेवटची आले होते ती दुपार मला आठवली. गरमीत तुम्ही अंगावर शाल घेऊन बसला होता, हात आत. मी गॅरेजबद्दल सांगत होते, तुम्ही मान हलवत होता. काकूंनी ठेवलेल्या चहाला तुम्ही हात लावला नाही, त्यावर साय धरली. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय तुम्हाला. मी लवकर उठले. इतकी वर्षं मी ती दुपार तशीच धरून होते.

काल इंजिन बसवलं. नवं ऑइल भरलं, डिझेल बंद ठेवून नुसतं फिरवलं, काटा हळूहळू चढला तेव्हा मग सुरू केलं. थोडं चालवून ते ऑइलही काढून टाकलं, फिल्टर बदलला आणि पुन्हा भरलं. आवाज तुम्हाला पसंत पडला असता. काकू स्टुलावर बसून ऐकत होत्या. मुलानं विचारलं, एवढा गाळ कशानं झाला असेल? काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, उभं राहून राहून होतं असं. उद्या तो ट्रॅक्टर घेऊन जाईल. पेरणी वेळेवर होईल.

हे लिहिलेलं काकूंना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. दाखवणार नाही. त्यांना तुमचं सगळं माहीत आहे, माझं नाही. चेंबर खाली आलं आणि तुमच्या इंजिनातून माझं बोट काळं होऊन निघालं, तेव्हा मला वाईट वाटलं, सर, पण ते नंतर. त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला बरं वाटलं होतं.