एका शून्याच्या दुरुस्तीसह

मी, शिला धर्मसिंग राठोड, वय ६९, निवृत्त पक्षी-संशोधक, राहणार हिंगोली, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. दबाव आणायला घरात दुसरं माणूसच नाही.

१. राहतं घर शेजारीण मदीनाबी हिला द्यावं. माझ्या आजारपणात रोज तिचा डबा आला. घर तिला मिळणार म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणाले. दुसरे दोघं शोधताना कळलं की गावात मला ओळखणारी माणसं फारशी उरलेली नाहीत. वाईट वाटलं.

२. भाऊ प्रेमदास याला काहीही देऊ नये. मी डॉक्टरेटचे पेढे घेऊन गेले तेव्हा "पाखरं मोजून काय भेटून राहिलं तुला?" असं त्याने विचारलं होतं. पेढे मात्र सगळे खाल्ले.

३. संगणक आणि त्यातली सगळी आकडेमोड माझी विद्यार्थिनी पल्लवी हिला. माझ्या चुका ती तोंडावर दाखवायची.

४. दुर्बीण आणि माळावरच्या एकतीस वह्या हिरासिंग चव्हाण, आखाडा बाळापूरजवळचा तांडा, यांना. अठरा वर्षं ते माझ्याबरोबर तणमोर मोजत चालले. नियम माझा होता: सरळ रेषेत चालायचं, थांबायचं नाही, डोळ्यांना दिसेल तोच पक्षी लिहायचा.

ऑगस्ट २००९ मध्ये ते म्हणाले, "शिलाबाई, थांबा ना. तणमोर बोलून राहिला तिकडं."

"दिसला का?"

"दिसला न्हाई. पण त्योच हाय, बराबर."

मी थांबले नाही. वहीत शून्य लिहिलं. ते लागोपाठ तिसऱ्या वर्षीचं शून्य. त्यावर माझा निबंध छापून आला, माळ रिकामा ठरला आणि तिथे झाडं लावली गेली. गवतातला पक्षी झाडीत राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हिरासिंग भांडले नाहीत, फक्त यायचे थांबले. पुढची सगळी वर्षं मी एकटी चालले. दोनदा तांड्याच्या फाट्यावर उतरले आणि लाजेने परत फिरले.

माझं चुकलं. ते शून्य खोडून आज मी तिथे 'एक. ऐकला: हिरासिंग चव्हाण' असं लिहून सही केली आहे.

५. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात आणावीत. चौथं आजपासूनच लागू आहे. वह्या घेऊन मी उद्या सकाळच्या एसटीने तांड्यावर जाणार आहे. हिरासिंग बोलले नाहीत, तरी संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात बसून राहीन.

(सही) शिला धर्मसिंग राठोड

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. मुजाहिद शेख, झेरॉक्सचे दुकानदार
२. डॉ. कोमल पवार

हिंगोली, १४ ऑक्टोबर २०२५