चर्चमधली दाद

रविवार, १६ नोव्हेंबर, ब्रिस्टल

आज चर्चमध्ये नातीचा, इराचा चेलो ऐकला. हो, ऐकला! कानाची मशिनं लागल्यापासून संगीत म्हणजे नुसता पत्र्याचा खडखडाट झाला होता.

ती ज्याची रचना वाजवत होती त्या फ्रेंच संगीतकाराचंही म्हातारपणी असंच झालं म्हणे. खालचे सूर भलतेच ऐकू यायचे, वरचेही. तरी गडी शेवटपर्यंत लिहीत राहिला. कसा? कुणासाठी?

मधेच इरानं एक खालचा सूर असा लावला की माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघून गेलं. इथे लोक खोकलासुद्धा दाबून धरतात. सगळ्या माना वळल्या. मुलगा पुटपुटला, "बाबा, प्लीज!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो "वा" डोक्यातून जाईना. शेवटी कारमध्ये इराला सॉरी म्हटलं.

"सॉरी कशाला, आजोबा? तुम्ही वा म्हणालात तेव्हा मला कळलं, तुम्हाला ऐकू येतंय. मग भीतीच गेली माझी."

फ्रेंच गड्या, तुला शेवटी शेवटी कुणी अशी दाद दिली होती का? नसेल, तर आजची घे.