पलीकडचा काठ

३ फेब्रुवारी, सोमवार
पोहोचलो एकदाचे! मी, हेल्मी, अकरा खोकी आणि कुंडीतलं निवडुंग, जे हेल्मीने साडेचार तास मांडीवर सांभाळलं. किविलाहतीच्या वळणावर गाडी जराशी घसरली. मी एका हाताने चाक धरलं, दुसरा हात हेल्मीच्या छातीवर आडवा धरला आणि काळजात असं काही धस्स झालं की पुढचे दोन किलोमीटर गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. मी मुळातच भित्री. हेल्मी मात्र पाच वर्षांची पाटलीण, म्हणाली, आई, परत घसरव ना.

गाव छान आहे. तळं गोठून पांढरं पडलंय, माणसं स्टुलं टाकून बर्फातल्या भोकांतून मासे धरत बसलीत. आईचा फोन आला. खेळांवर संशोधन म्हणजे नक्की करतेस काय, हे तिने याही वेळी विचारलं. म्हटलं, लोक संगणकावर खेळतात, मी बघते. ती म्हणाली, ते तर मी तुझ्या लहानपणी फुकटात केलं.

४ फेब्रुवारी
आमची प्रयोगशाळा जुन्या कापडगिरणीत आहे, मागचं दार थेट तळ्यावर उघडतं. प्रकल्पाचा प्रमुख टोर्स्टी. पन्नाशीचा, लोकरी मोजे घालून फिरणारा, अतिशय शांत. त्याने मला स्वतः कॉफी ओतून दिली. तापलेलं भांडं त्याने दांडीला न धरता उघड्या हाताने बुडाशीच धरलं होतं. मी ओरडल्यावर त्याने तळहाताकडे पाहिलं, हो की, म्हणाला आणि भांडं सावकाश खाली ठेवलं.

खेळ त्यानेच रचलाय. नाव ‘याआ’, म्हणजे बर्फ. आणि ‘मागे राहतो’ यालाही आमच्या भाषेत तोच शब्द. या कोटीचा त्याला भारी अभिमान. खेळात राक्षस नाहीत, गुण नाहीत. गोठलेलं तळं चालत ओलांडायचं, बस. बोटाला नाडी मोजायचा चिमटा. तुम्ही घाबरलात की बर्फ कडकडतो, फुटतो, तुम्ही बुडता. शांत असलात की वाट देतो. टोर्स्टीचं म्हणणं, खेळ ज्याचं बक्षीस देतो तसा खेळणारा घडत जातो. मग भीती न वाटण्याचं बक्षीस दिलं तर? प्रश्न मला फार आवडला. रात्री उत्साहाने चार पानं टिपणं काढली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिली स्वयंसेवक व्हिएनो. वय एकाहत्तर, तीस वर्षं शहर बस चालवली. येताना वेलदोड्याचे गोड पाव घेऊन आली आणि दारातूनच सुरू झाली, खेळायचा पगार घेता होय तुम्ही? आमच्या वेळी खेळलं की मार मिळायचा! ती नऊ वर्षांची असताना तिचा भाऊ बर्फाखाली गेला. तेव्हापासून तळ्यावर पाऊल नाही. तिची बहीण समोरच्या काठावर राहते. सगळं गाव हिवाळ्यात वीस मिनिटांत चालत पलीकडे जातं. ही तळ्याला वळसा घालणाऱ्या बसने जाते, आणि जुने सहकारी चालक तिला चिडवतात. मरायच्या आधी एकदा चालत जाऊन बहिणीच्या दारावर थाप मारायची आहे, म्हणाली. गळ्यात बर्फाचे खिळे, दोरीला बांधलेल्या दोन लाकडी मुठी. बुडालंच तर बर्फाच्या कडेत रोवून वर यायला. खेळतानाही काढले नाहीत.

नाडी १३१. चौथ्या पावलाला तिने कानावरचे हेडफोन भिरकावले आणि मी कधी न ऐकलेल्या तीन शिव्या मला शिकवल्या. जाताना विचारलं, पुढच्या शुक्रवारी किती वाजता येऊ?

१२ फेब्रुवारी
टोर्स्टी म्हणाला, जो खेळलाच नाही त्याला खेळावर लिहायचा अधिकार नाही. बरोबरच आहे, आमच्या विषयातला तो पहिला धडा. मी सात वेळा बुडाले. बुडताना पडदा काळा होत नाही. वरून बर्फ मिटतो आणि खालून उजेड दिसत राहतो. घामाने भिजून घरी आले.

२१ फेब्रुवारी
व्हिएनो निम्म्यापर्यंत गेली. नाडी ९६. टाळ्या वाजवल्या तिने, मला मिठी मारली. मी कालच पार झाले. पलीकडच्या काठावर काही नाही. पण तिथे उभं राहिल्यावर इतकं हलकं वाटलं! रोज दुपारी एकदा ओलांडते आता.

२ मार्च
किराणा दुकानासमोर हेल्मी हात सोडवून रस्त्यात धावली. एका गाडीने करकचून ब्रेक लावला. तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. चालक उतरून माझ्यावर ओरडत होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी त्याला म्हटलं, तुमचं बरोबर आहे. मग आम्ही दूध घेतलं.

घरी आल्यावर लक्षात आलं, धस्स झालं नाही. थांबून वाट पाहिली. उशिराही झालं नाही.

टोर्स्टीला सांगितलं. त्याने तारीख लिहून घेतली.

१४ मार्च
व्हिएनो पार. नाडी ६१. आता पाव आणत नाही, शिव्या देत नाही. बहीण इस्पितळात आहे. फोनवर रडत होती, म्हणाली. मग तू काय केलंस, मी विचारलं. फोन टेबलावर ठेवला आणि जेवले. बटाटे निवत होते.

भावाबद्दल विचारलं. ती म्हणाली, बुडाला तो. मंगळवार होता.

मला हे भयंकर वाटायला हवं होतं. म्हणून इथे लिहून ठेवते: हे भयंकर आहे.

१९ मार्च
टोर्स्टीला सांगितलं, प्रकल्प थांबवूया. भीतीबरोबर आणखी काहीतरी जातंय. तो म्हणाला, शक्य आहे. त्याचंही गेलंय, दोन वर्षं झाली. बायको सोडून गेली तेव्हा त्याला दारातला पावसाळी बूट सरळ करावासा वाटला, एवढंच आठवतं. परत येतं का, मी विचारलं. येईल असं वाटत नाही, तो म्हणाला, पण हवंसंही वाटत नाही, हीच गंमत. त्याने माझं म्हणणं इतिवृत्तात घेतलं. आवाज कुणाचाच चढला नाही. पुढच्या बैठकीची तारीख ठरवली.

मी खेळायचं बंद केलंय. काही फरक नाही.

२८ मार्च, शुक्रवार
व्हिएनोचं शेवटचं सत्र. नाडी ५८. झाल्यावर तिने गळ्यातले खिळे काढून खुंटीला अडकवले, कोट घातला आणि मागच्या दाराने निघाली. बहीण घरी आलीये, तिच्याकडे जाते, म्हणाली. मी म्हटलं, बर्फ पातळ झालाय, लाल पाटी लागलीये. ती म्हणाली, हो, वाचली.

मी खिडकीत होते. ती सरळ चालत गेली, बस थांब्याकडे चालावं तशी. बर्फ करडा होता, मध्ये पाणी चमकत होतं. मग ती कमरेपर्यंत दिसली. मग टोपी. ओरडली नाही. हातही हलवला नाही.

एक वाजून एकेचाळीस. मी तक्त्यात वेळ लिहिली. ओळ पूर्ण केली. मग फोन उचलला.

२९ मार्च
पोलीस बाईने मला रुमाल दिला. मग परत घेतला. फोन करायला चार मिनिटं का लागली, तिने विचारलं. मी खरं सांगितलं. तिने खुर्ची जराशी मागे सरकवली. तिला भीती वाटत होती. ओळखता येतं अजून.

टोर्स्टी विचारत होता, व्हिएनोचे आकडे ठेवायचे की वगळायचे.

३१ मार्च
राजीनामा दिला. डॉक्टरांची वेळ मिळाली, बावीस एप्रिलची.

तोवर उपाय. भीती वाटत नसेल तर पाठ करायची. यादी केली. रस्ता: हात धर. चूल: मागे ओढ. पाणी, बर्फ: धावत जा. कात्री: काढून घे. कुत्रा: उचल. ताप: फोन कर. घडी घालून खिशात ठेवली. आईला फोन करून सांगावं म्हटलं, हेल्मीला घेऊन जा. केला. तसं सांगितलं. आई म्हणाली, काय झालं, आवाज का असा? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं.

२ एप्रिल
हेल्मीने चुलीवरच्या पातेल्याला हात घातला. यादी पाहिली. मागे ओढली. थोडा भाजला.

तिने रडायचं थांबवून विचारलं, आई, तू ओरडत का नाहीस?

४ एप्रिल
आई रविवारी संध्याकाळी येणार. हेल्मीचे कपडे भरले. हेल्मी आता पडली की माझ्याकडे येत नाही. स्वतःच उठते, माझ्याकडे बघते — नुसती बघते —

ओरडून पाहिलं. आरशासमोर. आवाज येतो.

५ एप्रिल
ईस्टरची साफसफाई. आई येणार तर घर —

६ एप्रिल, रविवार
दुपार. ऊन. काचा पुसायला स्वयंपाकघरातली मोठी तावदानं उघडली होती. मग टेबलाशी बसले.

हेल्मी खुर्चीवरून उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर चढली आहे. हंस आले म्हणते. आई, बघ, आई, बघ ना.

बघते आहे.

चौथा मजला. यादी काढली. रस्ता. चूल. पाणी. बर्फ. कात्री. कुत्रा. ताप. खिडकी नाही. लिहायला हवी. खिडकी: — खिडकी दिसली की —

काय करायचं असतं, ते मला माहीत होतं —

ती माझ्याकडे वळली आहे. हसते आहे. मी ओरडावं म्हणून बघते आहे बहुतेक — चौकट सोडून हात हलवते — आता दोन्ही हात —