काठावरच्या भावास, सभात्यागी भावाकडून

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (पोट मध्ये येतं, म्हणून कागदावरच.)

साखरेच्या काठावर उभ्या असलेल्या माझ्या तमाम बंधूंनो! (तमाम म्हणजे तू एकटाच, पण सवयीने अनेकवचन आलं.) आपल्यावर अन्याय झाला आहे. आपण धड आजारी नाही, म्हणून कोणी विचारपूस करत नाही. धड निरोगीही नाही, म्हणून कोणी बिस्किटांची बशी पुढे करत नाही. पाहुण्यांसमोर आपला चहा वेगळ्या कपात येतो आणि 'हा यांचा' असं सगळ्यांदेखत सांगितलं जातं. डॉक्टर याला प्री-डायबेटिस म्हणतात, म्हणजे गुन्हा घडलेला नाही, पण पोलीस दारात. शाळेत आपण दोघं काठावर पास झालो तेव्हा बाबांनी पाठ थोपटली होती. आता काठावर आलो तर घरातल्यांची तोंडं उतरतात!

बाकी तुझी तब्येत कशी आहे? (तू 'ठणठणीत' असं लिहिणार, हे उत्तर येण्याआधीच मी धरून चाललो आहे.) वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुझ्या दुकानातल्या घड्याळांचं वेळेबाबत एकमत झालं का? गेल्या वर्षी तू तपासणी केलीस, आकडा काठावर आला, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणून लिहून दिलं, आणि तू गेला नाहीस. का गेला नाहीस तेही मला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात तू पहिल्या रांगेत बसून माझं व्याख्यान ऐकलंस. 'गोळी म्हणजे शरणागती!' या वाक्यावर पहिली टाळी तुझी होती. दादा, त्या टाळीला वर्ष होऊन गेलं, पण गेले चार महिने ती माझ्या कानातून जात नाही. म्हणून हे पत्र.

झालं असं, की मलाही काठावर येऊन आता वर्ष होत आलं. डॉक्टरीणबाईंनी आधी सहा महिने फक्त चालायला आणि ताटातलं कमी करायला सांगितलं. मी रोज चाललो. वाचनालयापर्यंत. (ते आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, आणि त्याच्या समोर बेकरी आहे, हा काही माझा दोष नाही.) सहा महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो आकडा सहा पूर्णांक एकवरून सहा पूर्णांक तीनवर गेला आणि पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तेव्हा बाईंनी मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली. मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. मानवी इच्छाशक्ती, इतिहासातली बंडं, औषधांची बाजारपेठ, सगळं आलं. बाईंनी तेवढ्यात माझा रक्तदाब मोजून घेतला.

मग म्हणाल्या, "काका, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत तुम्ही परीक्षक होतात. मला तिसरा नंबर दिलात. 'मुद्दे आहेत, आवेश नाही' म्हणालात. आज मुद्देच ऐका. तुमच्या शरीराचं सभागृह भरलंय, पण श्रोते, म्हणजे पेशी, बहिरे झालेत. इन्सुलिन हा वक्ता. तो ओरडतोय, साखर आत घ्या, आत घ्या! कोणी दार उघडत नाही. मग शरीर आणखी वक्ते पाठवतं. सगळे मिळून ओरडतात, म्हणून आज कसंबसं भागतंय. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. एक दिवस सगळ्यांचे घसे बसतील. त्याला डायबेटिस म्हणतात."

"आणि ही गोळी म्हणजे लाउडस्पीकर का?" मी विचारलं.

"नाही. ती श्रोत्यांचे कान थोडे उघडते. आणि यकृत नावाचा तुमचा एक उत्साही कार्यकर्ता कोणी न सांगता साखर वाटत सुटतो, त्याला खाली बसवते. काठावरच्या सगळ्यांनाच मी ती देत नाही. पण तुमचा आकडा वाढतोय, पोट वाढतंय. चालणं मात्र तुम्हालाच चालावं लागेल. घरात कोणाला डायबेटिस होता?"

"वडिलांना."

"काही त्रास झाला होता?"

दादा, या प्रश्नावर मी पहिल्यांदाच दोन शब्दांत थांबलो. म्हटलं, "डावा पाय."

तुला आठवतं? पाय गेल्यावरही बूट जोडीनेच घ्यावे लागायचे. उजवा झिजायचा, डावा कोराच राहायचा. त्या कोऱ्या डाव्या बुटांच्या होड्या करून आपण पलंगाखाली शर्यती लावायचो. बाबाही गोळीला 'नाही' म्हणायचे, आणि काय रुबाबात म्हणायचे! त्या 'नाही'ला मी तत्त्व समजलो आणि त्यावर एक्केचाळीस गावांत टाळ्या घेतल्या.

गोळ्या घेतल्या, पण माझ्यासारख्या माणसाने त्या ठेवायच्या कुठे? शेवटी घशाच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवल्या, खिशात. (बायकोला पत्ता लागू नये, हा हेतू.) डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जेवणासोबत घ्या. पहिले चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी व्याख्यान. तुला माझा नियम माहीत आहे, भाषणाआधी मी अन्नाला शिवत नाही. भरल्या पोटी आवेश येत नाही. आणि अध्यक्ष ओळख करून देत असताना डबीतली एक गोळी न बघता तोंडात टाकायची, हा तीस वर्षांचा रिवाज. टाकली. कडू! चारशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. गोळीविरुद्ध बोलायला आलेल्या माणसाने त्यांच्यासमोर गोळी थुंकायची कशी? गिळली.

(अध्यक्षांनी माझी ओळख पस्तीस मिनिटं करून दिली. त्यांना मी कधीही क्षमा करणार नाही.)

मी बोलायला उभा राहिलो आणि थोड्याच वेळात पोटाने स्वतंत्र भाषण सुरू केलं. माइक चांगल्या प्रतीचा होता. तेही मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं. घाम फुटला. लोकांना वाटलं, वक्ता पेटला. मी गर्जना केली, "या गोळ्यांच्या साम्राज्यापुढे मी एक क्षणही..." आणि त्या क्षणी कळलं की खरंच एक क्षणही नाही. "...थांबणार नाही!" असं म्हणून मी व्यासपीठावरून उडी मारली आणि मधल्या वाटेने धावत सुटलो. सभागृहाला वाटलं, हा सभात्याग! आधी अध्यक्ष उठले, मग पहिल्या तीन रांगा, मग सगळेच. मी स्वच्छतागृहाची कडी लावली तेव्हा बाहेर माझ्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. आतून कडी लावून चळवळीचं नेतृत्व केल्याचं उदाहरण मी तरी कुठे वाचलेलं नाही.

घोषणांच्या मधून दारावर टकटक झाली. बायको.

"अहो, उपाशीपोटी घेतलीत ना?"

"काय?"

"मेटफॉर्मिन. तिच्याबरोबरचा कागद तुम्ही पुस्तकात खूण म्हणून ठेवलात. त्या बंडखोराच्या चरित्रात. पहिल्या दिवसापासून माहितीये मला."

"मग बोलली नाहीस ती?"

"घेत होतात ना गुपचूप? बोलले असते तर सोडली असतीत. सावकाश या. लोकांना मी थोपवते."

तिने बाहेर काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'वक्त्याचा बाणेदार सभात्याग' असा मथळा होता.

डॉक्टरीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग सावकाश विरघळणारी गोळी दिली, रात्रीच्या जेवणासोबत घ्यायची. आठवड्यात पोट शहाणं झालं. मीही वाचनालयाला पाठ दाखवून उलट्या दिशेने चालू लागलो, रोज तीन किलोमीटर, बायकोसोबत. (वाटेत बोलायची संधी तिला असते.) काल तीन महिन्यांचा आकडा आला. पाच पूर्णांक आठ! मी लॅबच्या खिडकीशीच तो मोठ्याने वाचला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, हळू. इथे लोक उपाशी बसलेत." डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "मुद्दे आहेत, आवेशही आहे. पण फार उशीर लावलात. तिसरा नंबर."

गोळी आणखी किती दिवस ते त्या ठरवतील. पण दादा, काल मी अंथरुणावर पडलो आणि चक्क झोप लागली. इतकी वर्षं रोज निजताना मी पांघरुणाखाली डाव्या पायाची बोटं हलवून बघायचो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू पण बघतोस का रे? माझी सगळी गर्जना म्हणजे त्या भीतीने चढवलेला आवाज होता. काल बोटं हलवायची राहूनच गेली.

वहिनींना नमस्कार. घड्याळांना माझ्यातर्फे चावी.

तुझा,
धाकटा

ता. क. : त्या सभेच्या आयोजकांनी मला पुन्हा बोलावलं आहे, सभात्यागासकट. मी होकार दिला आहे. मात्र या वेळी जेवून जाणार, आणि गोळी कोणती व का घेतो हे माइकवर सांगणार. त्यानंतर लोक उठून गेले तर तो त्यांचा सभात्याग.

ता. क. दुसरा (पत्र खरं याच्यासाठी लिहिलं, वरचं सगळं प्रास्ताविक): वहिनींचा फोन आला होता. माझं व्याख्यान ऐकून घरी आल्यावर तू डॉक्टरांच्या त्या कागदाची घडी घातलीस आणि दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीस म्हणे. डावा पाय, असं त्या म्हणाल्या. दादा, गोळी लागेल की नुसतं चालणं पुरेल, हे ना तू ठरवायचं ना मी. ते तुझे डॉक्टर ठरवतील. तुला एकच करायचं आहे. सोबत माझ्या त्या व्याख्यानाची छापील प्रत पाठवली आहे. चौपदरी घडी केली की बरोबर त्याच जाडीची होते, मी इथल्या टेबलाखाली घालून पाहिलं आहे. ती तिथे सरकव, डॉक्टरांचा कागद बाहेर काढ, आणि उद्या सकाळी काही न खाता तो घेऊन तपासणीला जा.