ज्याचं त्याचं कुलूप

३ एप्रिल
इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये मिलिंदचा ट्रक. दारावर नवा हिरवा शिक्का: ॲक्रेडिटेड कॉन्ट्रॅक्टर. स्टिकर अगदी सरळ लावलंय. याला टेस्टर धरायला मी शिकवलं. माझ्याकडे कामाला होता तेव्हा विजेचं पॅनेल उघडायच्या आधी तीनदा मला विचारायचा.
अभिनंदन म्हणालो. कोथिंबीर घ्यायची राहिली.

११ एप्रिल
कॅरनचा फोन. रंगाच्या कारखान्याचं मेंटेनन्स तीच बघते. जुलैत कारखाना दोन आठवडे बंद ठेवून दुरुस्ती करतात. ते काम यंदापासून फक्त सुरक्षिततेचं ॲक्रेडिटेशन असलेल्यांना. आमचं वर्ष त्या शटडाउनवर उभं आहे. मी म्हटलं, इतकी वर्षं करतोय, कुणाला ओरखडासुद्धा नाही.
"मला माहितीये, सुधीर. पण मी रिटायर होतेय. माझ्या जागी येणाऱ्याला कसं कळणार?"
मी पुन्हा वर्षं मोजून दाखवली. मिलिंदला बोलावंही लागत नाही, दारावर चिकटवलंय.

१९ एप्रिल
मिलिंदकडे जेवण, आमच्या नोव्हाय गावातली निम्मी मराठी मंडळी. सर्टिफिकेट देव्हाऱ्याशेजारी, देवांपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये. त्याच्या बायकोनं, शर्वरीनं पेढे फिरवले, मी दोन खाल्ले. मग सगळ्यांसमोर मिलिंद म्हणाला, "मी जे शिकलो ते सुधीरदादांकडून." टाळ्या. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
गाडीत मेधा म्हणाली, किती छान बोलला. मी म्हटलं, हो.
सई वीकेंडला आलेली. मागच्या सीटवरून: "बाबा, यू आर सो जेलस."
रेडिओ लावला.

४ मे
ॲक्रेडिटेशनचा माझा अर्ज गेला. मुदतीच्या दोन दिवस आधी. सेफ्टी मॅन्युअल स्वतः लिहिलं. वाचणाऱ्याला एक ढिसाळ वाक्य सापडणार नाही. मिलिंदचं पाहिलंय मी, शर्वरीनं रविवारी बसून टाइप केलेलं दिसतं. त्यावर त्याला मिळालं, तर मला न मिळायला काय झालं?

२१ मे
ऑडिटरबाई आल्या. बुटक्या, स्वतःच्या थर्मासमधला चहा पिणाऱ्या. मॅन्युअल चाळलं, बाजूला ठेवलं. "काम दाखवा."
साइटवर कन्व्हेयरचा पट्टा बदलत होतो. मेन स्विच बंद, त्यावर माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. नेहमीप्रमाणेच. बाईंनी माझ्या माणसाला, डॅरलला विचारलं, तुझं कुलूप कुठंय? तो हसला. म्हणाला, सुधीरचं आहे ना, आम्ही घरचेच आहोत. ऐकून छाती फुगली माझी.
बाईंनी मला विचारलं, कुलूप काढण्याआधी सगळे बाहेर आलेत हे कसं कळतं? म्हटलं, हाक मारतो.
"मारा."
मारली. डॅरलनं ओ दिली. टोनीनं दिली. लुईस पट्ट्याखालच्या खड्ड्यात होता, कानांवर आवाज अडवणारे मफ. पुन्हा मारली. खालून पाना आपटल्याचा आवाज येत राहिला.
बाईंनी काही लिहूनसुद्धा घेतलं नाही.

२२ मे
सकाळी सगळ्यांना कुलपं आणून दिली. लुईसनं विचारलं, मला कशाला? म्हटलं, किल्ली तुझ्याच खिशात ठेव. जेवलो नाही फारसं. मेधाला वाटतंय ॲसिडिटी.

६ जून
नापास. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. म्हणजे जुलै गेला.
शटडाउन मिलिंदला मिळालं, हे कॅरननंच कळवलं. गोड आवाजात. खरंच वाईट वाटत होतं तिला, त्याचाही राग आला.

८ जून
मिलिंदचा फोन. एवढ्या कामाला माणसं कमी पडतायत. "दादा, तुमची टीम घेऊन या ना, माझ्या कामावर. यार, कारखाना तुम्हाला जेवढा माहितीये तेवढा कुणालाच नाही." बघतो म्हटलं.
मेधा म्हणते, यात बघायचं काय? डॅरलच्या घराचे हप्ते, लुईसचं तान्हं बाळ. मला कळत नाही असं नाही.
त्याच्या हाताखाली. ट्रकवर त्याचा शिक्का.

२२ जून
मिलिंदच्या शॉपवर गेलो. भिंतीवर फळा, फळ्यावर लाल कुलपं, प्रत्येकावर माणसाचा फोटो. आतमध्ये जितकी माणसं, स्विचवर तितकी कुलपं. शेवटचं निघेपर्यंत वीज येत नाही. त्याचं स्वतःचं कुलूपही त्याच ओळीत, इतरांएवढंच. मुद्दाम मोठं शोधत होतो, नव्हतं.
मला काही विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. पहिल्या फटक्यात पास झालास?
म्हणाला, "नाही. गेल्या वर्षी नापास झालो. सगळ्यांसाठी एकच कुलूप लावायचो." फळ्यावरचं एक कुलूप सरळ केलं. "तुमच्याकडे तसंच असायचं ना."
म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस?
"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"
शर्वरी चहा घेऊन आली, मी साखर मागून घेतली. निघताना त्यानं हातात एक कुलूप ठेवलं. वर माझं नाव आणि मंडळाच्या पिकनिकमधला फोटो, कणीस खाताना. बरा फोटो नव्हता का याच्याकडे?

२३ जून
पास झाला याचा हेवा वाटतोच. नापास झाला, आणि एका वर्षात गुपचूप सुधारला, याचा जास्त वाटतो. माझीच सवय होती, त्याची सुटली.

५ जुलै
डॅरल, लुईस, टोनी आज मिलिंदकडे सेफ्टी ट्रेनिंगला गेले. मी पाठवले. मी येईन की नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

६ जुलै
रविवार. उद्या सकाळपासून शटडाउन.
मेधानं डबा भरू का विचारलं. कळवतो म्हटलं, स्वयंपाकघरात ती आणि मी दोघंच असताना. हसली.
डॅरलचा मेसेज, सोबत त्याच्या कुलपाचा फोटो. फोटोत तोही मख्खच दिसतोय. "माझं मिळालं. येतोयस ना?"
उत्तर अजून दिलेलं नाही. माझं कुलूप टेबलावर आहे. उघडून पाहिलं, बंद केलं. चांगलं आहे. याची किल्ली एकच, आणि आत मी असेन तोवर मिलिंदलाही ते काढता यायचं नाही.