हौदा मोठा की केबिन?

४ जानेवारी
ठरलं. या वर्षी पिकअप घ्यायचीच. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आपणच करायच्या, आपणच पोचवायच्या आणि शनिवार-रविवारी त्याच गाडीतून दोन्ही घरांनी तलावावर जायचं. टेम्पोवाल्याची कटकट कायमची बंद. साडू म्हणाला, दादा, उद्याच बुक करू. म्हटलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. कामाला तो वाघ आहे, पण विचार करणं त्याला झेपत नाही. म्हणून तर आमच्या भागीदारीत विचाराचं खातं माझ्याकडे आहे.

११ जानेवारी
शोरूम. सेल्समनने एक पांढरी डबल केबिन दाखवली. मधला आकार, पाच जणांची सोय. साडू लगेच स्टिअरिंगवर. मागे माझी बायको आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे साडूची बायको, दोघी बसून खिदळायला लागल्या. अशाने सेल्समन शेफारतो. मी चेहरा कडक ठेवला. टेस्ट ड्राइव्ह साडूने घेतली, मी शेजारी. चालवणारा माणूस गाडीत गुंततो, निरीक्षण होत नाही. (मोठी गाडी चालवायची मला भीती वाटते असं बायको म्हणते, त्यात तथ्य नाही.)
निरीक्षण : हौदा आखूड. आपले सेक्शन, म्हणजे खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, बारा फुटी. निम्मे बाहेर लोंबणार. सेल्समनला म्हटलं, विचार करून सांगतो. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. उद्धट माणूस.

२ फेब्रुवारी
कारखान्याच्या फरशीवर खडूने पिकअप काढली. खऱ्या मापाची. केबिन, हौदा, चाकंसुद्धा. आत स्टुलं मांडून घरच्यांना बसवलं. बायको म्हणाली, जरा एसी लावा. मुलीने तोंडाने हॉर्न वाजवला. साडूला बजावलं, या रेघांच्या आत माल ठेवायचा नाही, अभ्यास चालू आहे. त्याने विचारलं, मग काचा कुठे ठेवू? दूरदृष्टी नाहीच.

२० फेब्रुवारी
सिंगल केबिन! हौदा ऐसपैस, सेक्शन आडवे झोपतील. कसं सुचलं नाही इतके दिवस?

२१ फेब्रुवारी
पण मग रविवारी बायकामुलांना कुठे बसवायचं? बायको म्हणाली, आम्ही पुढे बसू, तुम्ही हौद्यात बसा. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मार्चअखेर निर्णय. आता मागे हटणं नाही.

९ मार्च
टेम्पोवाल्याने खड्ड्यात गाडी घातली. साडू मागे उभा राहून काच धरत होता. काच फुटली, त्याच्या उजव्या हाताला टाके पडले. चूक सर्वस्वी टेम्पोवाल्याची, तसं त्याला चार लोकांत सुनावलं. दवाखान्यात साडू म्हणाला, दादा, आपली गाडी असती तर... मी म्हटलं, अरे, त्यासाठीच तर घाई करत नाहीये. चुकीची गाडी घेतली असती तर दोन्ही हात गेले असते. तो हाताच्या पट्टीकडे बघायला लागला. पटलं असावं. मेहुणी मात्र माझ्याकडे फार विचित्र बघत होती. जागरणामुळे असेल.

३१ मार्च
नवीन मॉडेल येणार अशी कुजबुज आहे. आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. निर्णय पुढे. (हाही एक निर्णयच.)

६ एप्रिल
साडूने आज आपण होऊन पिकअपचा विषय काढला! त्याच्या एका मित्राला घ्यायची आहे. मित्राचं कामही खिडक्यांचंच. नवराबायको दोघंच, मूल नाही. म्हणजे हुबेहूब साडूसारखा. जगात किती सारखी माणसं असतात! मी विचारलं, दोघांना पाच सीट कशाला? तर म्हणे त्याचा एक थोरला साडू आहे, रविवारी त्यांच्या घरचे तिघं धरायचे. म्हटलं, भला माणूस दिसतो, पण नातेवाइकांना एवढं डोक्यावर बसवू नये.
मग सल्ला दिला, एका दमात. डबल केबिनच घे म्हणावं. वर लोखंडी कॅरियर बसवून घे, सेक्शन वरून जातील, काच हौद्यात उभी बांध. कॅरियरची उंचीही सांगितली. साडू कान देऊन ऐकत होता. म्हणाला, दादा, एवढं पक्कं माहीत आहे, तर आपण का नाही घेत? म्हटलं, लोकांना सांगणं सोपं असतं. आपल्या बाबतीत जबाबदारी असते.

३ मे
साडूच्या बोलण्यात व्याकरणाची एक चूक शिरली आहे. ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ म्हणतो. आज म्हणाला, जूनपासून आम्ही पुलापलीकडे गाळा घेतोय. आता ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. शाळेतलं पोरही सांगेल. मी दुरुस्त केलं : आपण. तो खाली बघत म्हणाला, नाही दादा, आम्ही. हाताला लागल्यापासून बोलणंही बिघडलंय बिचाऱ्याचं. बाकी पुलापलीकडे शाखा काढायची कल्पना चांगली आहे. विचार करून सांगतो म्हटलं.

१ जून
विश्वासघात!
सकाळी कारखान्यासमोर पांढरी पिकअप उभी. डबल केबिन, वर लोखंडी कॅरियर. मी म्हटलं, मित्राची वाटतं. साडू म्हणाला, माझी आहे, दादा.
केसाने गळा कापला. तोही माझ्याच सल्ल्याने! म्हणतो, किती वेळा म्हणालो तुम्हाला, घेऊ या. असेल. पण मी तरी एकदा ‘नको’ म्हटलंय का? त्याने स्वतःची हत्यारं भरली, वाटणीचे सेक्शन कॅरियरवर बांधले. कटर दोघांचा होता, तो पुसून जागेवर ठेवला. वाकून नमस्कार करायला आला, मी फोन आल्यासारखं केलं. फोन उलटा धरला होता, हे नंतर लक्षात आलं. जाणाऱ्या गाडीकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. सेक्शन जराही लोंबत नव्हते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. एप्रिलपासून! मुलीलाही. सीट कव्हरचा रंग मुलीने निवडलाय. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते हे असं. विचारलं, मला कोणीच कसं सांगितलं नाही? बायको म्हणाली, त्याने सांगितलं होतं की! तुम्हीच त्याचं व्याकरण सुधारत बसलात.

५ जून
संकल्प. साडूशी बोलायचं नाही. त्या गाडीत पाय ठेवायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. कारखाना एकट्याने चालवून दाखवायचा.
(आग्रह अजून झालेला नाही.)

१५ जून
मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. एक टोक आपण धरलं की दुसरं कोणीतरी धरावंच लागतं. इतकी वर्षं हे कधी जाणवलं नाही. काचा बनवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. आज दिवसभर ती काच भिंतीला टेकून होती आणि मी तिच्यासमोर. फार वाईट वाटलं. धुळीने असेल, डोळेही चुरचुरत होते.

१९ जून, शुक्रवार
गिऱ्हाईक तगादा लावतंय. टेम्पोवाला माझा फोन उचलत नाही. नाइलाजाने साडूच्या गाळ्यावर फोन केला. मेहुणीने उचलला. मी आवाज जाड करून विचारलं, उद्या पिकअप भाड्याने मिळेल का? ती म्हणाली, भावोजी, शनिवार-रविवार गाडी कामाला नसते, फिरायला असते. सोमवारी हे स्वतः येतील काच धरायला, भाडंबिडं काही नको. मग म्हणाली, उद्या तलावावर चाललोय, ताई आणि बछडीही येतायत, तुम्हीपण या ना. हे सारखी तुमची आठवण काढतात.
मी म्हटलं, राँग नंबर.

२० जून
सकाळीच खाली हॉर्न. बायको दारात थांबून म्हणाली, अहो, चला ना, एवढं काय. मी म्हटलं, मला काम आहे. मुलगी म्हणाली, बाबा, कसलं काम? दोघी गेल्या.
मी गॅलरीत गेलो. निव्वळ निरीक्षणासाठी. गाडी निघाली तसा वरून ओरडलो, मागचा फाळका नीट लागलेला नाही! साडूने गाडी थांबवली. उतरून मागे गेला, फाळका ओढून पाहिला. चांगला घट्ट लागलेला होता. तरी त्याने तो पूर्ण उघडला, परत लावला आणि वर बघून उभा राहिला. मी चटकन आत सरकलो. हात तरी करावा म्हणून पुन्हा बाहेर आलो, तोवर ते गेले होते.